तिसऱ्या ओवरीतला ठसा

१

निवृत्त झाल्यावर माणसाने काहीतरी नवीन शिकावं, असं म्हणतात. म्हणणारे बहुधा अजून नोकरीत असतात. खालापूरच्या कचेरीतून मी सुटलो तेव्हा शेजाऱ्यांनी भाजीचा वाफा सुचवला, मेहुण्याने पत्ते सुचवले, आणि डॉक्टरांनी काही न सुचवता सरळ मधुमेह दिला. मी ब्राह्मी लिपी शिकायचं ठरवलं.

याचं एक कारण गौराबाई. छप्पन साली आम्ही धर्म बदलला तेव्हापासून वैशाखी पौर्णिमेला आमची माणसं जवळच्या लेण्यांत जातात, मेणबत्त्या लावतात, भाषणं करतात. भाषणं बहुतेक माझीच असत. एका वर्षी माझं भाषण रंगात आलेलं असताना आमच्यातल्या या म्हातारीने भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट केलं. "तू हापिसात व्हतास ना रं चंदर? मग वाच की काय लिवलंय ते."

मला एक अक्षर येत नव्हतं.

"आपलं हाय आपलं हाय म्हणून वरडतोस," ती म्हणाली, "आन् वाचता नाय येत."

दुसरं कारण इतकं उदात्त नाही. मला माझं नाव छापलेलं पाहायचं होतं. जन्मभर मसुदे मी लिहिले आणि सह्या साहेबांनी केल्या. मरण्यापूर्वी एका तरी कागदाखाली 'चंदर गायकवाड' असं छापून यावं आणि तो कागद कोर्टाचा नसावा, एवढीच इच्छा होती.

भिसेगावात टकले सर राहत. मुंबईच्या कॉलेजात प्राचीन लेख शिकवून निवृत्त झालेले. डोक्यावर भरघोस केस. त्यांच्या आयुष्यात विनोद एवढाच, आणि तोही आडनावाने केलेला.

"तुम्हाला कशाला हवंय हे, गायकवाड?" पहिल्याच दिवशी त्यांनी दारातच विचारलं.

"लेण्यांतलं वाचायला."

"वाचायला मी आहे. तुमच्या लोकांना मेणबत्त्या लावायला भिंत लागते, ती आहेच की तिथे."

तरी त्यांनी शिकवलं, कारण त्यांचे गुडघे गेले होते आणि डोंगरावर सामान न्यायला कुणीतरी लागत होतं. मी ते ओळखून होतो, आणि ओळखून आहे हे त्यांना कळेल अशा बेताने रोज त्यांच्या पायरीवर चपला काढत होतो.

२

त्यांची शिकवण्याची रीत चांगली होती, हे कबूल करायला हवं. एका पुठ्ठ्याला मधोमध खिडकी कापलेली. ती ओळीवर ठेवायची, म्हणजे एका वेळी एकच अक्षर दिसतं. मागचंपुढचं दिसलं की माणूस अंदाज करतो आणि अंदाज म्हणजे वाचन नव्हे.

"दिसतं तेच लिहा," ते म्हणत. "असावं असं वाटतं ते चौकटी कंसात टाका. दिसतही नाही आणि वाटतही नाही, तिथे टिंबं द्या आणि गप्प बसा. गाळलेल्या जागेची लाज वाटू देऊ नका."

कचेरीत नेमकं याच्या उलट चालायचं. तिथे गाळलेली जागा राहिली तर कारणे दाखवा नोटीस येत असे.

अक्षरं सोपी होती. क म्हणजे बेरजेचं चिन्ह. ट म्हणजे उजवीकडे उघडा राहिलेला अर्धा गोल. ग म्हणजे घराचं छप्पर. हळूहळू मला ती नळाच्या डागांत आणि ओट्याच्या चिरांत दिसू लागली. इंदूबाई, माझी बायको, म्हणाली, "भिंतीकडं काय बघत बसता? ती काय बोलनार हाय का?"

ठसा घ्यायलाही सरांनीच शिकवलं. लेख आधी पाण्याने धुवायचा. त्यावर ओला हातकागद चिकटवायचा आणि राठ केसांच्या ब्रशने तो ठोकायचा, म्हणजे कागद कोरलेल्या अक्षरांत खाली जातो. मग चिंध्यांच्या बोळ्याने काजळीची शाई लावायची. खोलगट अक्षरं पांढरी राहतात, भोवतालचा दगड काळा होतो. शेवटी, कागद ओला आणि दगडावर असतानाच, कोपऱ्यात जाड पेन्सिलीने जागा, तारीख आणि 'घेणार' म्हणून ठसा घेणाऱ्याचं नाव लिहायचं.

"नाव नसलेल्या ठशाला किंमत नसते," सर म्हणाले. ते मी नीट लक्षात ठेवलं.

३

ठाकुरवाडीच्या वर एक लहानसं लेणं आहे. पुढे पडवी, आत भिक्खूंना राहायला कोरलेल्या तीन ओवऱ्या, बाकी काही नाही. मूर्ती नाही, म्हणून भाविक नाहीत; सावली चांगली, म्हणून शेरडं आहेत. कर्जत सोडलं की गाडीला मागून ढकलणारी इंजिनं लागतात. ठाकुरवाडीला गाडी घटकाभर थांबते, ती आमच्यासाठी नव्हे, तिला दम लागतो म्हणून. तेवढ्यात आम्ही उतरलो. वाडीतला हिरू कावडीने पाणी घेऊन वर आला. तो पावसाळ्यात शेरडं तिथेच बांधायचा.

पहिल्या दोन ओवऱ्यांत लेंड्यांचा थर होता. तिसरी स्वच्छ होती.

"इथे नाही बांधत?" सरांनी विचारलं.

"नाय."

"का रे, भूत आहे?"

"भूत कशाला?" हिरूने कावड खाली ठेवली. "गर्दी व्हते तितं."

सर हसले. मी आत डोकावलो. एक माणूस आडवा होईल एवढा दगडी बाक, आणि तेवढाच दुसरा माणूस उभा राहील एवढी जमीन. बाकावरच्या भिंतीत एक ओळ कोरलेली होती.

सरांना ते आवडलं नाही. "दानाचा लेख दारावर कोरतात. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावा, दात्याचा गवगवा व्हावा. आत अंधारात कुणी वाचायचा?"

ओळ मी स्वतः वाचली. आयुष्यात पहिल्यांदा. 'ही ओवरी', मग जागा रिकामी, आणि मग 'याला दिली'. राहणाऱ्याचं नाव होतं तिथला दगड उडाला आहे, असं सर म्हणाले. मी बोट फिरवलं. उडालेला दगड खरबरीत लागतो. हा पुसलेल्या पाटीसारखा गुळगुळीत होता.

कागद मी चिकटवला, मीच ठोकला. थप, थप, थप. सर दारात छत्रीवर रेलून चुका काढत होते. काम संपल्यावर ते पुढे आले आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, 'घेणार: टकले'.

"ठसा मी घेतलाय, सर."

"हमाल ट्रंक उचलतो," ते म्हणाले. "म्हणून ट्रंक त्याची होत नाही."

मी ब्रश मांडीवर ठेवला आणि घाम पुसला. सर लिहीतच होते.

थप, असं आलं. थोडं थांबून पुन्हा, थप.

"घुमतंय," सर म्हणाले.

"हो," मी म्हणालो. दोन शिकलेली माणसं एखाद्या गोष्टीवर चटकन एकमत झाली की समजावं, दोघांनाही ती तपासायची नाही.

४

सरांच्या पडवीत ठसा वाळला, तेव्हा त्यावर दोन ओळी होत्या.

वरची ओळ पांढरी, व्हायला हवी तशी. तिच्या खाली दुसरी ओळ, काळी. काळ्या पट्ट्यात अक्षरं आणखी काळी आणि त्यांना पांढरी कड. मी बोट लावलं. वरची अक्षरं कागदात खाली गेलेली होती. खालची वर आली होती. आमच्या बाजूला. दगडाच्या बाजूने कुणी कागद बाहेर ढकलावा तशी.

आणि दगडावर त्या जागी काहीही नव्हतं. तो मी स्वतः धुतला होता.

"तुम्ही कागद उलटसुलट हाताळलात," सर म्हणाले. "ओला कागद आकसतो. सुरकुत्या पडतात."

"सुरकुत्यांना काना-मात्रा असतात का?"

मी ठसा खिडकीच्या उजेडात धरला आणि मागून पाहिला. काळी ओळ आमच्या बाजूने उलटी होती, आरशातल्यासारखी. दगडाच्या बाजूने ती सुलटी होती. वाक्य तेच. 'ही ओवरी', रिकामी जागा, 'याला दिली'. वरच्या अक्षरांच्या कडा झिजलेल्या होत्या, खालच्यांच्या धारदार होत्या.

एकच वाक्य दोनदा. एकदा आत येणाऱ्याने वाचायचं, आणि एकदा...

मी टिंबं दिली आणि गप्प बसलो. तसंच शिकवलं होतं.

५

जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी सर माझ्या खांद्यामागे उभे राहिले. कागदाला हात लावण्याआधी त्यांनी माझी पिशवी झटकून पाहिली. डबा होता आणि इंदूबाईने दिलेली गुळाची चिक्की होती.

ठोकताना मी कान देऊन ऐकत होतो. माझा ठोका, मागोमाग दुसरा. माझा, मागोमाग दुसरा. प्रतिध्वनी, मी स्वतःला सांगितलं. खडकात पोकळी असेल. घाटात बोगदे आहेत, गाड्या जातात, आवाजाला हजार वाटा असतात. ही समजूत चांगली बसली होती. मग एकदा माझा हात हवेत असतानाच ठोका पडला.

प्रतिध्वनीला घाई नसते.

सरांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही. त्यांनी कोपऱ्यात नाव लिहिलं, या वेळी इतकं दाबून की पेन्सिलीचं टोक कागदातून दगडापर्यंत गेलं.

ठसा वाळल्यावर मी पुठ्ठ्याची खिडकी घेतली आणि मागच्या बाजूने काळ्या ओळीवर सरकवत गेलो. 'ही ओवरी.' पुढे जिथे गेल्या वेळी काही नव्हतं, तिथे अर्धा गोल. उजवीकडे उघडा. त्याच्यापुढे बेरजेचं चिन्ह. मग अजून कोरं.

"वाचा," सर म्हणाले.

"ट," मी म्हणालो. "क."

बराच वेळ ते खुर्चीचा हात कुरवाळत राहिले. मग म्हणाले, "छान जमवलंत."

"काय?"

"पुठ्ठ्याची अक्षरं कापून कागदामागे सरकवायची. कचेरीत बनावट कागद करायची सवय असेल. नाव लागलं नाही म्हणून म्हाताऱ्याला घाबरवायचं. मी शिकवलं तुम्हाला, गायकवाड. घरात घेऊन शिकवलं. लोक सांगत होते, शेवटी तुमची ही..."

पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. ती गाळलेली जागा भरायला मला ब्राह्मी यायची गरज नव्हती.

मी पहिला ठसा गुंडाळला आणि चपला घातल्या. सर अडवायला उठले नाहीत. त्याच आठवड्यात मी पुण्याच्या एका संशोधन संस्थेला तो ठसा, माझं वाचन आणि दोन पानांचं टिपण पाठवलं. कोपऱ्यातला 'टकले' खोडला नाही. कागदपत्रात खाडाखोड करायची नाही एवढं कचेरीने शिकवलं होतं. पण टिपणाखाली सही एकच केली. माझी.

६

फेब्रुवारीत सरांचा निरोप आला. तिसरा ठसा ते एकटे घेणार होते, आणि मी साक्षीला पडवीत बसायचं होतं. माझा हात लागला नाही तर काळी ओळ येत नाही हे त्यांना सिद्ध करायचं होतं. मी गेलो. मलाही तेच सिद्ध झालेलं हवं होतं. चोर ठरलो असतो तरी त्या दिवशी मला ते स्वस्त वाटलं असतं.

दुपार होती. खाली मालगाडी घाट उतरत होती. सर कागद, ब्रश आणि शाईची वाटी घेऊन, गुडघे धरत आत गेले. "तिथून हलायचं नाही," ते म्हणाले. मला त्यांनी सांगितलेलं हे शेवटचं.

हिरू आणि मी खांबाला टेकून बसलो. आतून ठोके सुरू झाले. सरांचा हात कच्चा होता. दोन ठोक्यांत अंतर सारखं पडत नव्हतं. थप. थपथप. थप.

हिरूने विडी पेटवली. ती अर्धी झाल्यावर त्याने मान वळवली.

"दोन बुरूस हायेत का त्यांच्याकडं?"

"एकच आहे," मी म्हणालो.

तो ऐकत राहिला. मीही ऐकत होतो. कच्च्या हाताच्या मध्येमध्ये एक सराईत हात चालला होता. मग कच्चा हात थांबला. सराईत हात चालूच राहिला. मग तोही थांबला, आणि पुन्हा कच्चा हात सुरू झाला. पण आता तो दूर वाटत होता. पाण्याखालून यावा तसा.

"मी जातो," हिरू म्हणाला. त्याने कावड उचलली नाही.

मी तिसऱ्या ओवरीच्या दारात गेलो. ऊन उंबऱ्यापर्यंत होतं, आतलं सगळं दिसत होतं. दाराशी सरांच्या चपला. बाकावर छत्री, शाईची वाटी आणि ब्रश. ब्रश ओला होता, कुणाच्या हातात नव्हता. आणि आवाज येत होता.

भिंतीवर शाई लावलेला कागद चिकटवलेला होता. तो हलत होता. प्रत्येक ठोक्याला तो मधून बाहेर यायचा आणि पुन्हा दगडाला चिकटायचा. धापा टाकणाऱ्या कुत्र्याची बरगडी हलते तसा. थप. बाहेर. थपथप. ठोक्यांत अंतर सारखं पडत नव्हतं.

"सर," मी म्हणालो.

ठोके थांबले. कागद भिंतीला टेकला. मग खालच्या कोपऱ्यात, जिथे अजून काही लिहिलेलं नव्हतं, तिथे कागदाखालून काहीतरी बारीक टोक वर आलं आणि सावकाश सरकायला लागलं. थांबत, नीट, काळजी घेत.

मी पुढे होऊन कागद ओढून काढला.

मागे भिंत होती. ओली, काळी, आणि तिच्यात ती एकच जुनी ओळ. मी तळहात ठेवला. एवढं पाणी मारलेला दगड गार असायला हवा होता. तो कोमट होता.

७

सर दरीत घसरले असा निष्कर्ष निघाला. पोलिसांनी तीन दिवस शोधलं, रेल्वेच्या माणसांनी रुळाच्या कडेने पाहिलं. चपला ओवरीच्या दारात कशा, या प्रश्नाला उत्तर मिळालं की म्हातारी माणसं विसरतात. सरकारी कागदात गाळलेली जागा ठेवायची पद्धत नाही. हिरूने सांगितलं की तो त्या दिवशी शेरडांमागे होता. त्याने शेरडं आता खालच्या माळावर बांधली आहेत.

ओढून आणलेला कागद मी पोलिसांना दाखवला नाही. तो घरी दोरीवर वाळत घातला होता. इंदूबाईने एकदा पाहिलं. "ह्यो कागद घरात नको," ती म्हणाली.

"का गं?"

"वारा नसताना हालतोय."

वाळल्यावर मी तो खिडकीत मागून धरला. काळी ओळ पूर्ण झाली होती. अर्धा गोल, बेरजेचं चिन्ह आणि ल, त्याला मात्रा. कुठेही टिंब द्यावं असं नव्हतं. कंस लागत नव्हते. कोपऱ्यात दोनदा जे नाव लिहिलं गेलं, त्याच नावाला ओवरी दिली होती.

मग मी कोपरा पाहिला.

तिथली अक्षरं ब्राह्मी नव्हती. आपली रोजची देवनागरी होती, आतल्या बाजूने दाबून लिहिलेली, आणि अक्षर मी ओळखलं. माझ्या वहीतल्या चुका त्या अक्षराने वर्षभर दाखवल्या होत्या. 'घेणार:' आणि पुढे 'चंदर गा'.

एवढंच. तेवढ्यात मी कागद ओढला होता.

भांडून जे मिळालं नाही ते सरांनी शेवटी आपण होऊन दिलं, याचं मला समाधान वाटायला हवं. मी कागद चुलीत घातला. त्या रात्री जेवलो, झोपलोही. उरलेली अक्षरं पुरी व्हायला त्या भिंतीवर पुन्हा कागद ठोकला जायला हवा. आणि ते वेड आता या तालुक्यात कुणाला नाही, असा माझा हिशोब होता.

मार्चमध्ये पुण्याहून पत्र आलं. माझं वाचन त्यांना महत्त्वाचं वाटलं होतं. अंकात घेणार होते, माझ्या नावाने. काळी ओळ हा ठसा घेण्यातला दोष असावा, म्हणून छापण्यापूर्वी त्यांचे दोन अभ्यासक त्या ओवरीत जाऊन नवा ठसा घेणार होते.

मी पोस्टात जाऊन तार केली. ठसा घेऊ नका. लेख परत पाठवा. नाव छापू नका.

काल त्यांचं उत्तर आलं. मजकूर सुबक टंकलिखित आहे, खाली कुणा साहेबाची सही आहे. आपली काळजी आम्ही समजू शकतो, असं ते लिहितात. आमची माणसं निघाली आहेत, पण आपण निश्चिंत असावं. ठसा कुणीही घेतला, तरी कोपऱ्यात 'घेणार' म्हणून आपलंच संपूर्ण नाव घालण्याची सूचना त्यांना दिलेली आहे.